जुनी पिकअप घेताना इंजिन कसं पारखायचं? मराठवाड्यातल्या घेणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळीच्या पुढेमागे सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले की गावोगावची माणसं जुनी पिकअप शोधायला निघतात. माझा धंदा मोसंबी वाहण्याचा. स्वतःसाठी तीन पिकअप घेतल्या, तिन्ही जुन्याच. पाहुण्यांसाठी आणि गावातल्या पोरांसाठी पाहिलेल्या गाड्या तर कितीतरी. एका गाडीत घरातला वर्षभराचा पैसा जातो आणि इंजिन बसलं की गाडीबरोबर माणूसही खाली बसतो. म्हणून नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथं सविस्तर लिहून ठेवली आहेत.

कोणत्या कंपनीचं इंजिन सगळ्यात भरवशाचं?

प्रत्येक जण सुरुवात इथूनच करतो. बोलेरो पिकअपला २५२३ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आहे. २००५ साली आलेल्या छोट्या हत्तीला, म्हणजे जुन्या टाटा एसला, ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं. अशोक लेलँडचा दोस्त २०११ साली आला तो १४७८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन घेऊन. तिन्ही इंजिनं आपापल्या वजनापुरती चांगली आहेत. गेवराई असो की वसमत, ही इंजिनं खोलणारा मिस्त्री आणि त्यांचे सुटे भाग मिळतात. माझ्या लेखी भरवशाचा मोठा भाग हाच. ज्या गाडीच्या गॅस्केटसाठी दोन दिवस संभाजीनगरची वाट बघावी लागते, तिचं इंजिन कितीही भारी असलं तरी भाड्याच्या धंद्यात ती परवडत नाही.

पण एकाच महिन्यात शोरूममधून निघालेल्या दोन सारख्या गाड्यांपैकी एक दहा वर्षं पळते आणि दुसरीचं इंजिन चौथ्या वर्षी खोलावं लागतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या गाडीत कोणतं पाणी पडलं, कोणतं ऑइल पडलं आणि पाठीवर किती वजन पडलं, यावर सगळं ठरतं. जुनी गाडी घेताना कंपनीच्या नावापेक्षा या तीन गोष्टींचा माग काढा.

मग गाडीपाशी गेल्यावर पहिलं काय पाहायचं?

रेडिएटरचं झाकण उघडा. इंजिन पूर्ण गार असतानाच उघडायचं. गरम असताना झाकण फिरवलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, हात-तोंड भाजलेली माणसं आहेत आपल्याकडे.

हे पहिलं का, ते सांगतो. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. चहाच्या पातेल्याला आणि गिझरच्या कॉइलला पांढरा थर धरतो तो त्यातल्या क्षारांचा. तेच पाणी ड्रायव्हर धाब्यावरच्या नळाला कॅन लावून रेडिएटरमध्ये ओततो. पाणी तापलं की क्षार सुटतात आणि जिथं जास्त गरम असतं तिथं, म्हणजे लायनरच्या (पिस्टन ज्या नळीत चालतो तिच्या) भोवती आणि हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) वाटांत, चिकटून बसतात. या थरातून उष्णता बाहेर पडत नाही. मीटरचा काटा मधोमध दिसतो, पण हेडच्या एखाद्या कोपऱ्यात तापमान भलतंच चढलेलं असतं. वरून बीड-परभणीचा मे महिना, सावलीतच ४२-४३ अंश. हेड वाकतं ते असंच.

झाकण काढल्यावर बोट घालून आतल्या कडेला फिरवा. हिरवं, गुलाबी, निळं असं रंगाचं स्वच्छ कूलंट लागलं तर मालकानं गाडीची काळजी घेतलीय म्हणायला जागा आहे. बोटाला विटकरी गाळ आला तर आत गंज धरलाय. नळ्यांच्या तोंडाशी पांढरी खरखरीत पापडी दिसली तर वर्षानुवर्षं बोअरचंच पाणी पडलंय. पाण्यावर तेलाचा तवंग तरंगत असेल तर हेड गॅस्केट नाहीतर ऑइल कूलर गेलेला असू शकतो. अशा गाडीचं इंजिन खोलल्याशिवाय खरं कळत नाही.

मग झाकण उघडं ठेवूनच इंजिन चालू करायला सांगा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतात, ती आत अडकलेली हवा. पण बुडबुडे थांबेचनात आणि रेस दिल्यावर वाढत गेले तर सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतोय. पुढं काहीही न पाहता नमस्कार करून निघा.

एक बारकी गोष्ट राहिली. गरमीचा त्रास नको म्हणून कित्येक जण थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह काढून फेकून देतात. अशा गाडीचा काटा थंडीत पंधरा-वीस किलोमीटर पळूनही वर चढत नाही. मालक ते कौतुकानं सांगतो, ‘बघा, गाडी गरमच होत नाही.’ इंजिनला ठरलेल्या तापमानावर चालायचं असतं. कायम गार राहिलेल्या इंजिनात डिझेल नीट जळत नाही आणि रिंग लवकर झिजतात.

सकाळीच का जायचं? दुपारी गेलं तर काय बिघडतं?

रात्रभर गार झालेलं इंजिन पहिल्या सेल्फला काय करतं, त्यात निम्मं उत्तर असतं. विकणाऱ्याला आदल्या दिवशी फोन करून सांगा, ‘भाऊ, मी आल्याशिवाय चालू करू नका.’ गेल्यावर चावीला हात लावायच्या आधी इंजिनवर हात ठेवा. छोट्या हत्तीत त्यासाठी सीट उचलावी लागते. कोमट लागलं तर आधीच चालू करून ठेवलंय. तसं का केलं ते विचारा.

सेल्फ मारायच्या आधी चावी नुसती ऑन करा. ऑइलचा आणि गाडीला असेल तर इंजिनचा, असे दिवे पेटले पाहिजेत आणि गाडी चालू झाल्यावर दोन-तीन सेकंदांत विझले पाहिजेत. चावी ऑन करूनही दिवा पेटतच नसेल तर बल्ब काढलाय किंवा वायर तोडलीय. हे काम कोणी उगाच करत नाही.

चांगलं डिझेल इंजिन एक-दोन सेल्फमध्ये उठतं. जानेवारीत थोडं जास्त घेईल. पण पाच-सहा सेल्फ, मग धक्का, मग पांढरा धूर आणि लंगडत चालणं, असं झालं तर हीटर प्लग, इंजेक्टर, पंप किंवा मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), यांपैकी काहीतरी गेलंय. पहिली तीन दुरुस्त होण्यासारखी. चौथं निघालं तर इंजिन बांधायचीच, म्हणजे खोलून झिजलेले भाग बदलायचीच, तयारी ठेवा.

धुराच्या रंगावरून काय समजायचं?

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त: तुंबलेला एअर फिल्टर, खराब नोझल, थकलेला टर्बो. आपल्या काळ्या मातीच्या कच्च्या रस्त्यांवर फिल्टर लवकर भरतो, म्हणून नुसत्या काळ्या धुरावर गाडी सोडू नका. फिल्टर काढून पाहा. पांढरा धूर गार इंजिनावर थोडा वेळ आला तर चालतं, गरम झाल्यावरही येत राहिला तर पाणी जळतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि मला जास्त भीती याची वाटते. तो पाहायचा तर उतारावर एक्सलरेटर सोडून गाडी गिअरमध्ये येऊ द्या आणि खाली आल्यावर एकदम रेस द्या. मागं पाहायला हौद्यात माणूस बसवा. निळा लोट निघाला तर व्हॉल्व्हच्या सीलपासून रिंगपर्यंत काहीही असू शकतं.

मिस्त्री म्हणाला ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’. म्हणजे काय?

पिस्टनच्या रिंग आणि लायनर झिजले की जळलेला वायू वर राहायच्या ऐवजी खाली ऑइलच्या बाजूला उतरतो आणि ऑइल भरायच्या तोंडातून, ब्रीदरच्या नळीतून बाहेर येतो. तपासायला पैसा लागत नाही. इंजिन गरम होऊ द्या, ऑइलचं झाकण काढून त्याच भोकावर उलटं नुसतं ठेवा. झाकण थरथरलं तर हरकत नाही, डिझेल इंजिन थोडा श्वास टाकतंच. झाकण नाचून बाजूला पडलं, भोकातून इंजिनच्या ठेक्यावर धुराचे भपके निघाले आणि वर धरलेल्या कागदावर तेलाचे थेंब उठले तर रिंग संपत आल्यात.

पक्कं करायचं असेल तर गेजनं कॉम्प्रेशन तपासून घ्या. आकडा किती आला यापेक्षा सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, ते जास्त महत्त्वाचं. चारातलं एकच ढिलं असेल तर तिथंच दुखणं आहे.

ऑइल काळं दिसलं, गाडी खराब समजायची का?

नाही. डिझेल इंजिनचं नवं ऑइलसुद्धा थोड्याच दिवसांत काळं पडतं, ते त्याचं कामच आहे. उलट सहा महिन्यांत गाडीला हात लावला नाही म्हणणाऱ्याच्या गाडीत मधासारखं सोनेरी ऑइल दिसलं तर मला शंका येते, की विकायच्या आदल्या दिवशी बदललं असणार.

ऑइल मोजायची पट्टी पांढऱ्या पंच्यावर पुसा आणि दोन बोटांत ऑइल चोळून बघा. खडे लागले, चकाकणारे धातूचे कण दिसले, दुधी रंग आला किंवा डिझेलचा वास आला तर प्रत्येकाचा अर्थ वेगळा, पण चांगला एकही नाही. पातळी खुणेच्या वर असेल तर ऑइलमध्ये डिझेल उतरतंय का ते आधी बघा.

आणि आता जे मला भोवलं ते. माझी पहिली गाडी मी दुपारी पाहिली, गरम इंजिनावर. आवाज मऊ, धूर नाही. पाचोडच्या बाजारातून मोसंबी भरून सोलापूरला निघालो. बीडच्या पुढं मांजरसुंब्याचा घाट चढताना दुसऱ्या गिअरला काटा लाल रेषेला टेकला आणि बॉनेटखालून वाफ यायला लागली. मिस्त्रीनं चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, खोललं तेव्हा ऑइल काकवीसारखं ओघळत होतं. गिअर बॉक्सचं नव्वद नंबर ऑइल इंजिनात मिसळून विकणाऱ्यानं आवाज आणि धूर दाबला होता. हेड वाकलेलं, दोन लायनर ओरखडलेले. अर्धी मोसंबी रस्त्यावरच दुसऱ्या गाडीत भरली, उरलेली उन्हानं मऊ पडली. जाड ऑइल गार असताना पट्टीवरून सावकाश, दोरी धरल्यासारखं ओघळतं, आणि सकाळचा सेल्फ जड जातो. मी सकाळी गेलो असतो तर तिथंच कळलं असतं.

सात वर्षांची गाडी आणि मीटरवर ६८ हजार. विश्वास ठेवायचा?

हिशोब करा. भाड्याची पिकअप दिवसाला १०० किलोमीटर आणि वर्षातले ३०० दिवस धरली तरी वर्षाला ३० हजार होतात, म्हणजे सात वर्षांत दोन लाखांच्या पुढं. ६८ हजार म्हणजे रोजचे जेमतेम ३२. घरच्या शेतापुरती वापरलेली असेल तर शक्य आहे. मग क्लचच्या पेडलचं रबर, स्टेअरिंगची कड, गिअरची मूठ आणि ड्रायव्हरकडची सीटसुद्धा तेवढीच कमी झिजलेली दिसली पाहिजे. पेडलचं लोखंड चमकत असेल तर मीटर मागं फिरवलेलं आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा नंबर सांगून जुन्या सर्व्हिसच्या नोंदी मिळतात का पाहा. तिथं तारखेसह किलोमीटर लिहिलेले असतात.

खरं सांगायचं तर लांबच्या रस्त्यावर नीट पळालेली दोन लाखांची गाडी मला गावातल्या गावात रोज वीस वेळा चालू-बंद केलेल्या ८० हजारांच्या गाडीपेक्षा जास्त आवडते.

गाडीनं आधी काय वाहिलं, त्याचा इंजिनशी काय संबंध?

सगळाच संबंध. आणि आपल्याकडे एका मालाकडे विशेष लक्ष द्या: पाणी. मराठवाड्यात उन्हाळा आला की पिकअपच्या हौद्यात प्लास्टिकची टाकी बसते. २०१६ साली तर मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पाणी हलकं वाटतं, पण एक लिटर म्हणजे एक किलो. २००० लिटरची टाकी भरली की दोन टन झाले आणि बोलेरो पिकअपची कागदावरची ताकद मॉडेलप्रमाणे साधारण १.३ ते १.७ टन. शिवाय त्या गाड्या पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, वाडी-वस्तीच्या रस्त्यानं, भर उन्हात चालतात. हवा लागत नाही, पंखा थांबत नाही.

अशी गाडी ओळखायची तर हौद्याच्या तळाला वाका. टाकीच्या गोल बुडाचा गंजाचा डाग आणि कोपऱ्यात दोरी बांधून घासलेल्या खुणा दिसतात. मग खाली वाकून मागचे पाटे (पानांच्या स्प्रिंगा) बघा. जादा पान घातलंय का, पाटा सरळ होऊन उलटा वाकलाय का? पाटे ज्यानं सोसले त्या गाडीचं इंजिन आणि क्लचही तेवढंच सोसून बसलंय. जुना मालक वाळू, खडी, विटा वाहत असेल तरी हेच.

दुधाच्या गाड्यांना मी प्राधान्य देतो. रोज ठरलेली वाट, ठरलेलं वजन, आणि सकाळी वेळेवर उठलीच पाहिजे म्हणून मालक देखभाल टाळत नाही.

इंजिन बांधलेली गाडी घ्यावी का?

घ्यावी, पण बिल पाहून. लायनर-पिस्टन कोणत्या कंपनीचे, क्रँक घासला का आणि किती, हेड सरफेस केलं का, इंजेक्टर तपासले का, हे सगळं लिहिलेलं बिल असेल आणि काम केलेला मिस्त्री फोनवर बोलायला तयार असेल तर अशी गाडी न खोललेल्या थकलेल्या गाडीपेक्षा बरी. बांधल्यानंतर किमान पाच-सात हजार किलोमीटर पळालेली हवी, म्हणजे कामाचा कस लागलेला असतो.

नुसत्या रिंग-बेअरिंग बदलून केलेलं हाफ इंजिन विकण्यापुरतं केलेलं असतं. झिजलेल्या लायनरमध्ये नवी रिंग बसतच नाही. आणि इंजिनवर कोरलेला नंबर आरसी बुकाशी जुळवून बघा. दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं असेल तर त्याची नोंद आरटीओकडे लागते. ती नसेल तर पासिंगला आणि विम्याला तुम्हीच अडकाल.

जुनं पंपाचं इंजिन घ्यावं, कॉमन रेल घ्यावं की बीएस ६?

तुमचा रस्ता कोणता, ते आधी सांगा.

पंपाचं जुनं इंजिन तालुक्याचा मिस्त्री पान्यांवर दुरुस्त करतो. ताकद कमी, आवाज जास्त, पण रस्त्यात अडकवत नाही. कॉमन रेलमध्ये डिझेल फार मोठ्या दाबानं इंजेक्टरमधून जातं. तिथं कचरा किंवा पाणी मिसळलेलं डिझेल चालत नाही. कॅनमधलं डिझेल फडक्यातून गाळून ओतायची सवय असेल तर ती सोडावी लागेल. अशी गाडी घेताना स्कॅनर लावून घ्या आणि इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करून घ्या. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला बाटली लावतात. एकाच बाटलीत जास्त डिझेल जमलं तर तो इंजेक्टर गेलाय.

एप्रिल २०२० पासून बीएस ६, म्हणजे धुराचे कडक नियम, आले. त्यातल्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग वेगात पळावी लागते. तुमचं काम शेत ते मोंढा एवढं आठ किलोमीटरचं असेल तर फिल्टर तुंबत राहणार, दिवा लागत राहणार. लातूर-हैदराबाद किंवा नांदेड-नागपूर पळवणाऱ्याला हा त्रास सहसा नसतो. आतली जाळी काढून टाकलेली गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. ते बेकायदा आहे.

ट्रायल कशी मारायची?

भरून. रिकामी पिकअप प्रत्येकाची छानच पळते. ५० किलोचे २० कट्टे टाकले की एक टन होतो. त्यासाठी हमालीचे पैसे तुम्ही द्या, ते वाया जात नाहीत. मग चढ असलेला रस्ता धरा. धाराशिवकडचा असाल तर तुळजापूरचा घाट, बीडकडचा असाल तर मांजरसुंबा, कन्नडकडे असाल तर औट्रम घाट. चढावर काटा कुठपर्यंत जातो आणि माथ्यावर आल्यावर किती वेळात खाली येतो, ते बघा. टर्बोची बारीक शीळ ठीक, करकर नको. परत आल्यावर गाडी चालूच ठेवून खाली वाका, गळती याच वेळी दिसते.

मिस्त्री कोणाचा न्यावा?

आपला, दुसऱ्या गावचा, आणि मजुरी ठरवून. विकणाऱ्याच्या चौकातल्या मिस्त्रीला त्याच माणसासमोर उद्याही धंदा करायचा असतो, त्याला अडचणीत टाकू नका.

कागदांत इंजिनच्या भरवशाचं काही कळतं का?

बरंच कळतं. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की पासिंग, विमा, पीयूसी आणि बोजा (गाडीवरचं कर्ज) दिसतो. मालवाहू गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी करावं लागतं. मधे वर्षभर पासिंग नसेल तर गाडी तेव्हा कुठं उभी होती, ते विचारा. इंजिन बिघडून पडलेल्या गाड्या अशाच सापडतात. बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात.

गाडी घेतल्यावर लगेच काय करून घ्यावं?

ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, पट्टा. रेडिएटर धुऊन नवं कूलंट आणि नवं झाकण. थर्मोस्टॅट काढलेला असेल तर परत बसवा. पहिलं ऑइल दोन-तीन हजारांवरच पुन्हा बदला, आतली घाण तेव्हा निघते. गाडीच्या किमतीचा दहावा हिस्सा घेण्याआधीच बाजूला काढून ठेवा. गाडीत कूलंटचा कॅन ठेवा आणि ड्रायव्हरला सांगा की धाब्याचं पाणी अगदीच नाइलाज झाला तरच ओतायचं आणि ओतलं तर घरी आल्यावर सांगायचं.

विकणारा रेडिएटरचं झाकण उघडू देत नाही, म्हणतो ‘कालच सर्व्हिसिंग केलंय’. काय करावं?

चहा दिला असेल तर प्या आणि आल्या एसटीनं परत या.